नोंदणी कोणत्या तारखेची?

भारतातल्या माझ्या डेव्हलपर मित्रमंडळींत ॲपच्या कॉपीराइटचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: कोड लिहिला त्याच क्षणी हक्क मिळतो, मग नोंदणीची यातायात कशाला? म्हणणे चुकीचे नाही. 1957 च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीतच मोडतो, नोंदणी ऐच्छिक आहे, आणि एकमेकांच्या देशांतले कॉपीराइट मानण्याच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारामुळे तो हक्क अमेरिकेतही मानला जातो. इथे अमेरिकेत राहायला आल्यावरही कितीतरी वर्षे मी हेच सांगत असे.

मग माझ्या ॲपची हुबेहूब नक्कल दुसऱ्या नावाने विक्रीला आली. सेटिंग्जच्या पानावर ‘रिमाइंडर’चे स्पेलिंग मी चुकवले होते, ती चूकसुद्धा तिच्यात जशीच्या तशी होती. वकिलांनी मात्र कोडची एक ओळही न पाहता विचारले, “नोंदणी कोणत्या तारखेची?” ती नव्हतीच. नक्कल होण्यापूर्वी किंवा प्रकाशनापासून 3 महिन्यांच्या आत नोंदणी झालेली नसेल, तर अमेरिकेत कायद्याने ठरवून दिलेली नुकसानभरपाई आणि वकिलाचा खर्च मागता येत नाही, प्रत्यक्ष झालेला तोटा किंवा नक्कल करणाऱ्याने कमावलेला नफाच सिद्ध करत बसावे लागते. एकटीने चालवलेल्या ॲपचा तोटा वकिलाच्या फीपुढे किरकोळ ठरला आणि मला दावा सोडून द्यावा लागला. 65 डॉलरचा अर्ज तेव्हा केला नाही, याची हळहळ आजही वाटते.

भारतात नोंदणीवाचून दावा अडत नाही. 500 रुपयांच्या नोंदणीने मिळते ते कलम 48 खालचे प्रथमदर्शनी पुराव्याचे बळ, म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरली जाते, आणि तेवढ्यासाठीही ती करावी असे माझे मत आहे. मित्रांचा एक आक्षेप मात्र मला पूर्ण पटतो. अर्जासोबत सोर्स कोडची पहिली 10 आणि शेवटची 10 पाने काहीही न झाकता द्यावी लागतात. अमेरिकेत पाने जास्त, 25 आणि 25, मागतात, पण व्यावसायिक गुपिताचा भाग काळा करू देतात. तशी मुभा भारतातही मिळायलाच हवी.

अर्जाआधी मालकी तपासावी. कोडचा काही भाग बाहेरच्या फ्रीलान्सरकडून लिहून घेतला असेल, तर भारतीय कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखीच लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते 5 वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते धरले जाते. परदेशी ग्राहकांवर चालणाऱ्या ॲपच्या करारात या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी लिहून घ्याव्यात.