पीडीआय फुकट, पण बिल नीट वाचा

नव्या गाडीच्या डिलिव्हरीआधीच्या तपासणीचे, म्हणजे पीडीआयचे (प्री-डिलिव्हरी इन्स्पेक्शन), पैसे डीलर घेतो का, हा प्रश्न योग्य, पण नुसतं ‘नाही’ हे उत्तर अर्धवट आहे. पीडीआय हे डिलिव्हरीआधीचं डीलरचंच काम, त्याचं वेगळं बिल नसतं. पैसे निघतात ते ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक्स’ अशा गोंडस नावांनी. कोटेशनमध्ये एक्स-शोरूम, आरटीओ, विमा आणि फास्टॅग सोडून जी ओळ दिसेल, तिचा लेखी खुलासा मागा. ‘हँडलिंग’सारखी ओळ असेल तर अनेकदा ती गळते.

गाडीची तपासणी स्वतःही करा; नोंदणीच्या आधी, डीलरच्या यार्डात आणि दिवसाउजेडी. नंबर पडल्यावर गाडी बदलून मिळणं जवळपास अशक्य. चेसिस नंबर फॉर्म २२ शी, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमाणपत्राशी, ताडून बघा. टायरवरच्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे पाहा: ३२२५ म्हणजे २०२५ चा ३२ वा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनी हमखास विसरली जाते. बंद गाडीच्या बॅटरीचा व्होल्टेज १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर गाडी बरेच दिवस उभी असावी. चार्ज करून पुन्हा मोजायला लावा.

फ्री सर्व्हिसमध्ये सहसा फक्त मजुरी माफ असते. ऑइल, फिल्टरचे पैसे बहुतेकदा लागतात. पुढे कधी अपघात झाला, तर दुरुस्तीखर्चाच्या अंदाजाचं, म्हणजे एस्टिमेटचं, शुल्कही आधीच विचारा. काम तिथे केलं नाही तर अनेक वर्कशॉप ते वसूल करतात.