पत्र लिहिणं म्हणजे वशिला नव्हे

कुडाळला आमच्या घरात सध्या एकच वाद चालू आहे. माझी भाची मानसशास्त्रात एम.ए. झाली. तिला मी आहे तिथे, अमेरिकेत, क्लिनिकल सायकॉलॉजीत (मानसिक आजार आणि त्यांवरचे उपचार) पीएच.डी. करायची आहे आणि अर्ज भरायच्या आधीच ती इथल्या प्राध्यापकांना ईमेल पाठवते आहे. आप्पांना ते मुळीच पसंत नाही. "आमका कोणाच्या पाया पडूचा नाय. मार्क बघून काय ता ठरवूंदे," असं त्यांनी मला फोनवर सुनावलं. वर हेही, की "तुमच्या थंय पण वशिलोच चालता मगे!"

तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. इथे क्लिनिकल पीएच.डी.च्या बहुतेक विभागांत विद्यार्थी घेतात तो एका ठरावीक प्राध्यापकाच्या लॅबसाठी, म्हणजे त्याच्या संशोधनगटासाठी. ५-६ वर्षं त्याच्याच हाताखाली काम, बहुतेकदा फी माफ, वर स्टायपेंड. म्हणून एक प्राध्यापक वर्षाला जेमतेम एखादा विद्यार्थी घेतो, एखाद्या वर्षी तोही नाही. तो यंदा घेणारच नसेल, तर तुमचे मार्क आणि अर्जाची फी दोन्ही पाण्यात. अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी डिसेंबरच्या सुरुवातीला संपते, तेव्हा विचारायचं ते ऑगस्ट-सप्टेंबरात. नेमके गणपतीचे दिवस. घर माणसांनी भरलेलं आणि ही पोर माळ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेली.

तिचा ईमेल मी वाचला आहे. दहा-बारा ओळी. रुग्णाची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांच्या थकव्यावरचा तुमचा लेख वाचला, त्यावरून मला अमुक प्रश्न पडला. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात येणाऱ्या घरच्यांशी बोलून मी एम.ए.चा प्रकल्प केला. पुढच्या फॉलसाठी (ऑगस्टच्या सुमाराला सुरू होणाऱ्या सत्रासाठी) आपण विद्यार्थी घेणार आहात का? सोबत सीव्ही. वेबपेजवर ज्यांनी 'यंदा नाही' असं लिहिलंय, त्यांना तिने वगळलं. यात पाया पडणं कुठे आलं? बरेच जण उत्तर देत नाहीत, ते मनाला लावून घ्यायचं नसतं.

आणि आपल्याकडे काय निराळं आहे? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार प्रोफेसरकडे एका वेळी जास्तीत जास्त ८, असोसिएटकडे ६ आणि असिस्टंटकडे ४ पीएच.डी.चे विद्यार्थी. जागा भरलेल्या असल्या की प्रवेश परीक्षा पास झालेली मुलंही गाइड शोधत दारोदार फिरतात. गाइडच्या घरी कार्य असलं की राबायला विद्यार्थी, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. इथे मी माझ्या गाइडला नावाने हाक मारते, लॅब मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तिचं म्हणणं खोडून काढते आणि ती ते लिहून घेते. आप्पांनी हे एकदा बघायला हवं.

पण एक गोष्ट मी त्यांना कधी सांगितलेली नाही. मला अभ्यास करायचा होता तो चाकरमान्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या आपल्याकडच्या म्हाताऱ्यांचा. मी लिहिलं त्यांतल्या कोणाच्याच कामात तो बसेना. जिच्याकडे जागा होती तिचा विषय मी धरला. माझ्या प्रबंधात ओहायोतले वृद्ध आहेत. कुडाळ कुठेच नाही. भाचीने तसं करू नये असं मला फार वाटतं. तिचा प्रश्न ज्याला आपला वाटेल असा माणूस मिळेपर्यंत तिने लिहीत राहावं, म्हणजे त्या कामाच्या निमित्ताने तरी तिला रत्नागिरीला परतावं लागेल.

आप्पांचा राग ईमेलवर आहे असं मला आता वाटत नाही. तूही गेलीस, आता हीपण, एवढंच त्यांना म्हणायचं असतं. मी कधी परत येणार, हे त्यांनी सरळ विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.