मिठाच्या खोलीतली कैरी

दोनशे रुपये! पावतीवर छापलंय ‘स्वच्छता शुल्क’. कशाची स्वच्छता, ते ऐका.

धुळ्यात मिठाची खोली निघालीय. दमा, शिंका, खाज, सगळ्यावर म्हणे नैसर्गिक उपाय. बायकोने परस्पर नाव नोंदवलं. पायात निळ्या पिशव्या, डोक्यावर अंघोळीची टोपी, खाली घोट्यापर्यंत जाडं मीठ, भिंतीला गुलाबी विटा. त्यांना हिमालयीन म्हणायचं. येतात मात्र पाकिस्तानी पंजाबातल्या खेवड्याच्या खाणीतून. आजी उपासाच्या भगरीत टाकायची तेच हे शेंदेलोण. कोपऱ्यातलं यंत्र कोरडं मीठ दळून त्याची बारीक धूळ हवेत सोडतं. कण एक ते पाच मायक्रॉनचे; मायक्रॉन हा मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे मी धुळीच्या त्रासावर पैसे भरून धूळच हुंगत होतो.

शेजारच्या खुर्चीत साक्रीकडचे एक आबा. धोतर, टोपी, टोपीवर ती अंघोळीची टोपी.

“भाऊ, हाई मीठ खरं शे का?”

“असेल, आबा.”

आबांना ‘असेल’ पटलं नाही. उठले, भिंतीपाशी गेले आणि एका विटेला बिनदिक्कत जीभ लावली. दुसऱ्या विटेलाही लावली. “खरं शे,” म्हणून परत येऊन बसले.

इतक्यात स्पीकरमधून एक मंजुळ बाई सांगू लागली की पोलंडात वेलिच्काच्या मिठाच्या खाणीत मजुरांची छाती चांगली राहते, असं बोचकोव्स्की नावाच्या डॉक्टरला दिसलं आणि 1839 मध्ये त्याने तिथेच उपचार सुरू केले. आबांनी लक्ष देऊन ऐकलं.

“मंग त्यास्ले पगार कितला भेटे?”

बाईकडे उत्तर नव्हतं. तिने डोळे मिटून खोल श्वास घ्यायला सांगितलं. मी मिटले. जरा वेळाने कचकच आवाज आला. आबांनी बंडीतून कैरी काढली होती, चाकूने फोडी चालल्या होत्या आणि एकेक फोड जमिनीवरच्या मिठात घोळली जात होती.

“ले, खा. आठे तिखट नई शे.”

वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? फोड हातात घेतली आणि दार उघडलं. आबा डोळे मिटून दीर्घ श्वास घेत होते. चेहऱ्यावर समाधी. चाकू, कैरी, सगळं गायब.

“सर, इथे खायचं नसतं,” दारातली, तिथे कामाला असलेली पोरगी मला म्हणाली. मला! आबांकडे तिने पाहिलंही नाही.

फायदा? मीठ पाणी ओढतं, कफ सुटतो, एवढं पटण्यासारखं आहे. पण अशा खोलीत बसून दमा बरा होतो याला भक्कम पुरावा नाही, आणि काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिका खारट वाफाऱ्याने उलट आवळतात. तेव्हा पंप चालूच ठेवायचा. त्वचेचं तर बोलूच नका. मे महिन्यात दुपारी बारानंतर धुळ्यात चक्कर मारा, सदऱ्यावर मिठाचे नकाशे फुकट उमटतात.

चीड वेगळीच आहे. आमच्या गल्लीचा रस्ता खोदून ठेवलाय, येणारा प्रत्येक ट्रक घरात मातीचा लोट सोडून जातो, पोरं रात्र-रात्र खोकतात. तक्रार केली की साहेब म्हणतात, पाणी मारतो. पाण्याचा टँकर येतो. मंत्री येणार असले की येतो, सकाळी एकदा, आणि तोही फक्त सर्किट हाउसच्या फाटकापर्यंत.