माउंटन बाइक घरी जोडता येते: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. साताऱ्यातल्या ग्रुपांवर तो येऊन गेलाच, आता कराड-सांगलीकडची मंडळीही तो पुढे ढकलतायत. म्हणणं थोडक्यात असं: नवशिक्याने माउंटन बाइक स्वतः जोडायच्या फंदात पडू नये. कंपनीत ती मशीनवर जोडतात, त्याची सर हाताला येत नाही. हत्यारं महागडी लागतात. वेगवेगळे पार्ट एकमेकांना बसत नाहीत. घरी लावलेले ब्रेक घाटात दगा देतात. आणि एवढं करून तयार सायकलीपेक्षा पैसे जास्तच जातात.

यातला एक मुद्दा खरा आहे, एक अर्धा खरा आहे. बाकीचे वाचून शिकायची हौस असलेली पोरं उगाच मागे हटतायत, आणि ते मला पटत नाही.

कंपनीच्या मशीनपासून सुरुवात करू. तयार सायकल दुकानात खोक्यातून येते. पुढचं चाक, हँडल, सीट, पायडल सुटे असतात. ते लावणं, ब्रेकचे कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) डिस्कवर मधोमध बसवणं, गिअर लावून बघणं ही कामं दुकानातला मिस्त्री करतो, एलनकी (षटकोनी चावी) घेऊन, हाताने. म्हणजे जिवाशी गाठ असलेलं शेवटचं काम आपल्याच गावात होतं, आणि ते करणारा माणूसही कधीतरी नवशिकाच होता.

शिवाय हा सायकलप्रकारच घरगुती जोडणीतून आलाय. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही जण जाड टायरच्या जुन्या श्विन कंपनीच्या सायकली शोधून काढायचे, त्यांना मोटरसायकलचे ब्रेक लिव्हर आणि गिअर बदलणारे डिरेलर बसवायचे आणि डोंगर उतरायचे. १९७६ साली तिथे रीपॅक ही उताराची शर्यत सुरू झाली. त्यांच्यातल्याच जो ब्रीझ नावाच्या माणसाने १९७७ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बनवली. मोठ्या प्रमाणावर कारखान्यात बनलेली स्टम्पजंपर ही माउंटन बाइक बाजारात आली ती १९८१ मध्ये. आधी हात आले, कारखाना मागाहून.

हत्यारांबद्दल फार बोलायला नको. २ ते ८ मिलिमीटरच्या एलनकी, टी २५ चा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराची चावी), चेन तोडायचं हत्यार, बीबीचा (क्रँकचा आस फिरतो त्या बेअरिंगचा) पाना, कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या गिअरच्या दातेरी चकत्यांच्या) लॉकरिंगचा पाना, केबल कटर, ग्रीस. एवढ्यात बहुतेक सायकल उभी राहते. हेडसेटचे (हँडल फिरतं त्या बेअरिंगचे) कप दाबून बसवायला प्रेस नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातला आट्यांचा रॉड, दोन नट आणि जाड वॉशर चालतात. कप सरळ आत जातोय ना एवढं बघत हळूहळू आवळायचं. पैसे खर्च करायचेच असतील तर टॉर्क पान्यावर (किती जोर लागला ते मोजणारा पाना) करा. हँडल धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट साधारण ५ न्यूटन-मीटरला, शिमानो कंपनीच्या हॉलोटेक क्रँकचे (पायडलच्या दांड्याचे) १२ ते १४ ला. हे अंदाजाने करायचं काम नाही. बोल्ट तुटतात किंवा आटे जातात ते बहुतेक वेळा जास्त जोर लावल्यानेच.

आटे म्हटल्यावर बीबीचं सांगायलाच हवं, कारण नवशिक्याची फ्रेम वाया जाण्याची सगळ्यात मोठी शक्यता तिथे. आट्यांच्या बीबीत चेनकडच्या, म्हणजे उजव्या कपाचे आटे उलटे असतात. फ्रेमच्या शेलचे (बीबी बसते त्या नळीचे) आटे चिंधीने स्वच्छ पुसायचे, ग्रीस लावायचं, कप टेकवून आधी आवळायच्या विरुद्ध दिशेला हलकेच फिरवायचा. आट्याला आटा लागला की बोटांना बारीकसा टक जाणवतो. तिथून दिशा बदलायची. दोन-तीन वेढे नुसत्या बोटांनी गेले तरच पाना हातात घ्यायचा. अडला तर बाहेर काढून पुन्हा. यात ताकद कुठेच नाही, धीर आहे, आणि तो नवशिक्याकडेही असतो.

आता अर्धा खरा मुद्दा. पार्ट एकमेकांना बसत नाहीत, हे खरंच आहे. पण ते विकत घेण्याआधी कळू शकतं. मागच्या हबची (चाकाच्या मधल्या तुंब्याची) मापं बघा: जुन्या फ्रेमना १३५ मिलिमीटर, त्यानंतरच्या थ्रू ॲक्सलला (आरपार जाणारा आस) १४२, त्याहून रुंद बूस्ट फ्रेमना १४८. १४२ च्या फ्रेममध्ये १४८ चा हब कुठल्याही मिस्त्रीला बसवता येणार नाही. फोर्कची नळी सरळ की खाली जाड होत जाणारी, ते ती जिच्यातून जाते त्या फ्रेमच्या हेडट्यूबवर ठरतं. बीबी आट्यांची की दाबून बसवायची, तेही फ्रेमच सांगते. पहिल्या सायकलीला आट्यांचीच घ्या. आणि पोरं सगळ्यात जास्त अडकतात ती कॅसेटपाशी. शिमानोच्या १२ स्पीडच्या १०-५१ कॅसेटला मायक्रो स्प्लाइन खाचांचा फ्रीहब (हबवरचा, कॅसेट चढते तो भाग) लागतो. जुन्या एचजी खाचांच्या फ्रीहबवर ती चढतच नाही. तेच शिमानोच्याच डिओर मालिकेतली ११ स्पीडची ११-५१ घेतली तर एचजीवर बिनबोभाट बसते. हातात असलेल्या चाकाचा फ्रीहब न बघता ऑनलाइन कॅसेट मागवली की ती परतच पाठवावी लागते.

म्हणजे खरी अडचण कौशल्याची नाही, मापांची आहे. फ्रेम हातात आल्यावर आठवडाभर काहीही मागवू नका. व्हर्निअरने मापं घ्या, वहीत लिहा, प्रत्येक पार्टचा मॉडेल नंबर त्यासमोर लिहा. हे काम दहावीच्या मुलालाही जमतं.

काही कामं मात्र पहिल्या खेपेला घरी करू नयेत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. तारा भरून चाक बनवणं त्यातलं एक. तयार चाकं घ्या, आणि चाकाचा आउट (वाकडेपणा) काढायचा असेल तर गावातल्या जुन्या सायकल दुकानात जा. आयुष्यभर तारा आवळलेल्या मिस्त्रींचा हात आपल्याला एका सुट्टीत येत नाही. ते काम करताना शेजारी उभं राहायला मिळालं तर नक्की राहा. दाबून बसवायची बीबी असेल तर तीही दुकानातच. पण दोन कामं बाहेर केली म्हणून सायकल तुम्ही जोडली नाही असं होत नाही.

ब्रेकचा मुद्दा मी सगळ्यात गंभीरपणे घेतो. कास पठार साधारण १२०० मीटरवर आहे, सातारा शहर ७०० च्या आसपास. यवतेश्वरचा घाट उतरून समर्थ मंदिरापर्यंत येताना ब्रेक गेला तर काय होईल हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण घरी लावलेला ब्रेक दगा देतो याची कारणं ठरलेली आहेत, आणि ती सगळी टाळता येतात.

पहिलं कारण तेल. शिमानोच्या हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. गाडीच्या गॅरेजमध्ये सहज मिळतं ते डॉट ४ हे ब्रेक तेल. ते यात घातलं की आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. तेल भरून, होज (तेलाची नळी) जोडून आलेला संच घ्या, फ्रेमच्या बाहेरून होज जाईल अशी फ्रेम निवडा, म्हणजे ब्लीड करायची (तेलातली हवा काढायची) वेळच येत नाही. दुसरं कारण, डिस्कला किंवा पॅडला लागलेला ग्रीसचा हात. ब्रेकचं काम शेवटी ठेवा, हात साबणाने धुऊन. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट सैल करून ब्रेक दाबून धरायचा आणि तसाच धरून बोल्ट आळीपाळीने आवळायचे, ६ ते ८ न्यूटन-मीटर. चाक फिरवून घासल्याचा आवाज ऐकायचा. तिसरं कारण, नवे पॅड तसेच घेऊन घाटात जाणं. रिकाम्या सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरचा वेग घ्यायचा आणि चाक लॉक न करता चालण्याइतक्या वेगावर आणायचं. दोन्ही ब्रेकना वीस-वीस वेळा. त्यानंतरच पकड येते. तयार सायकलीलाही हे लागतंच, आणि दुकानातून निघून थेट घाटात जाणारे कितीतरी जण ते करत नाहीत.

राहिला खर्च. इथे मेसेज बरोबर आहे. सगळे पार्ट नवे, एकेक करून घेतले तर सायकल तयार सायकलीपेक्षा महाग पडते, कारण कंपनी तेच पार्ट घाऊक भावात उचलते. पैसे वाचवण्यासाठी कुणी जोडायला घेत असेल तर त्याला मी नकोच म्हणेन. चांगली जुनी फ्रेम घरात पडून असेल, किंवा खर्च सहा-आठ महिन्यांवर पसरायचा असेल, तर गणित थोडं बदलतं. पुढच्या वर्षांचाही हिशेब धरायला हवा. पावसाळ्यात कासकडच्या लाल चिखलात पॅड भराभर झिजतात, बीबीत पाणी जातं, चेन लांबते. ज्याने हे पार्ट स्वतः बसवले आहेत तो ते रविवारी सकाळी अंगणात बदलतो. हत्यारं घरात असतात आणि मापं वहीत.