‘एथिक्स कमिटी म्हणजे संशोधनाच्या गळ्याला फास’ : त्या मेसेजला उत्तर

पीएचडीच्या मुलामुलींच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. परवा माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मावशी, नुसत्या मुलाखतींना पण कमिटीची परवानगी लागते का? यात तर नाही म्हटलंय.’ भाचा कौटुंबिक हिंसेतून गेलेल्या बायकांच्या मुलाखती घेणार आहे. मेसेज शेवटपर्यंत वाचला आणि डोकं तापलं. मी एका विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरचं संशोधन आधी तपासून परवानगी देणाऱ्या समितीवर, बाहेरची सदस्य आहे. संशोधक नसलेली, ज्यांच्यावर संशोधन होणार त्यांच्या बाजूने प्रश्न विचारायला बसवलेली. भाच्याला फोन करून सांगायचं ते सांगितलं. पण ज्यांना विचारायला असं घरचं कोणी नाही, त्यांच्याकडेही हा मेसेज पोचलाय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. कमिट्या असत्या तर जेनरची देवीची लस कधी आलीच नसती. औषध किंवा इंजेक्शन देणार नसाल तर परवानगीची गरज नाही, मुलाखतीने कोणाला इजा होत नाही, आणि एकदा संमतीची सही घेतली की माहिती संशोधकाची. खोटेपणा पकडायला जर्नलचे परीक्षक आणि प्लॅजरिझम, म्हणजे मजकुराची चोरी, पकडणारं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. विद्यापीठं आपल्या माणसांना पाठीशीच घालतात, त्यामुळे चौकशीला अर्थ नाही. शाश्वतता, म्हणजे पर्यावरणाला कमी धक्का लावून काम करणं, हे नवं खूळ आहे. आणि शेवटी सल्ला : काम सुरू करून टाका, परवानगी नंतर काढता येते.

जेनरचं आधी उरकते. १७९६ मध्ये त्याने आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला, जेम्स फिप्सला, गायीच्या देवीचा द्राव टोचला आणि काही आठवड्यांनी मुद्दाम माणसाच्या देवीचा संसर्ग देऊन पाहिला. मुलगा वाचला म्हणून आज आपण जेनरचं नाव घेतो. अशा प्रयोगांत जी मुलं वाचली नाहीत, त्यांच्यावर कोणी मेसेज लिहीत नाही. आणि कमिटीमुळे लस अडते म्हणणाऱ्यांनी २०२० आठवावं. जानेवारीत करोना विषाणूचा जनुकक्रम जाहीर झाला आणि २३ एप्रिलला ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या लशीची माणसांवरची चाचणी सुरू झाली. परवानगी घेऊन सुरू झाली. सप्टेंबरमध्ये एका स्वयंसेवकाच्या आजारपणाचं कारण कळेना, तेव्हा ती थांबवली, तपासणी झाली आणि काही दिवसांत पुन्हा चालू केली. देखरेख होती आणि लसही आली.

आता खरा मुद्दा. ‘मुलाखतीने कोणाला इजा होत नाही आणि सही घेतली की माहिती आपली.’ अख्ख्या मेसेजमध्ये सगळ्यात घातक वाक्य हेच आहे.

सुई टोचली तरच इजा होते, हे मुळात खोटं. अमेरिकेतल्या टस्कीगीमध्ये १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास चालला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना कुठलं नवं प्रायोगिक औषध द्यायचं नव्हतं, आजार वाढताना फक्त पाहायचं होतं. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हा त्यावरचा रुळलेला उपचार झाला होता, तरी तो त्यांच्यापर्यंत पोचू दिला नाही. ‘तुम्हाला नेमकं काय झालंय’ हेसुद्धा सांगितलं नाही. आज जगभर ज्या कमिट्या दिसतात, त्यांच्यामागे या प्रकरणाचा मोठा वाटा आहे.

पण मेसेज लिहिणारा म्हणेल, ते सरकारी आरोग्य खात्याचं काम होतं आणि जुनं. मग विद्यापीठातलं आणि आपल्या काळातलं घ्या. अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियन या खोल दरीच्या तळाशी हवासुपाई नावाची आदिवासी जमात राहते, जेमतेम काहीशे माणसांची. त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण भयंकर. १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांचं रक्त घेतलं. लोकांनी ते दिलं, कारण त्यांना वाटलं की मधुमेहावर काहीतरी उपाय निघेल. संमतीच्या फॉर्मवर मात्र शब्द फार मोघम होते, वर्तनाच्या आणि वैद्यकीय विकारांच्या कारणांचा अभ्यास असे. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा अभ्यास झाला, जमातीत आपसातल्या लग्नसंबंधांचं प्रमाण किती ते मोजलं गेलं आणि त्यांचे पूर्वज आशियातून आले असा निष्कर्ष काढण्यापर्यंत मजल गेली. आपला उगम याच दरीत झाला, अशी त्या लोकांची श्रद्धा आहे. त्यांना यातलं काहीही विचारलं नव्हतं.

हे बाहेर कसं आलं? २००३ मध्ये जमातीतली कार्लेटा टिलूसी त्याच विद्यापीठात एका पीएचडीच्या सादरीकरणाला जाऊन बसली होती. विद्यार्थी आपलं काम मांडत होता आणि तिच्या लक्षात आलं की हे आपल्या माणसांचं रक्त आहे. तिने उठून विचारलं, याची परवानगी घेतली होती का? पुढे खटले झाले. २०१० मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर देण्याचं मान्य केलं आणि गोठवून ठेवलेलं रक्त परत केलं. पण त्याआधीच जमातीने त्या विद्यापीठाच्या लोकांना आपल्या भूमीवर यायला बंदी केली होती. म्हणजे ज्या मधुमेहासाठी सगळं सुरू झालं, त्याच्या कामाचंही दार बंद झालं.

आता सांगा, सह्या तर होत्याच ना? सही असली म्हणून माहिती कोणाच्या बापाची होत नाही. माणसाने ज्या कामासाठी ती दिली, त्याच कामापुरती ती तुमच्याकडे असते. काम बदललं की पुन्हा विचारायला जायचं. रक्ताला जे लागू, तेच मुलाखतीच्या रेकॉर्डिंगला.

आणि मुलाखतीतली इजा कशी असते, तेही सांगते. भाच्याच्या विषयाशी मिळताजुळता एक अर्ज मागे आमच्यासमोर आला होता. अर्ज व्यवस्थित होता, विद्यार्थिनी मनापासून काम करणारी. त्यात एक ओळ होती, ‘पाठपुराव्यासाठी सहभागी महिलेला सहा महिन्यांनी फोन केला जाईल.’ मी विचारलं, फोन नवऱ्याने उचलला तर तू काय बोलणार? ती गप्प झाली. हा प्रश्न तिला तोवर कोणी विचारलाच नव्हता, गाइडनेही नाही. मग दुसरी गोष्ट निघाली. नियमाप्रमाणे कन्सेंट फॉर्मची, म्हणजे संमतीपत्राची, एक प्रत सहभागी व्यक्तीला द्यायची असते. आता त्या कागदावर वर ठळक अक्षरांत छापलेलं, ‘कौटुंबिक हिंसा अनुभवलेल्या महिलांचा अभ्यास’. हा कागद त्या बाईने घरी कुठे ठेवायचा? कपाटात सापडला तर? तिसरी गोष्ट, मुलाखती विद्यार्थिनीच्या स्वतःच्या मोबाइलवर रेकॉर्ड होणार होत्या आणि त्या मोबाइलमधलं सगळं आपोआप घरच्यांच्या सामाईक क्लाउड खात्यात जात होतं.

त्या एका बैठकीत काय बदललं? फोन करायची सुरक्षित वेळ बाईने स्वतः सांगायची. दुसऱ्याने उचलला तर बोलायचं साधं वाक्य आधी ठरवायचं. कागद घरी पाठवायचा नाही, संमती तोंडी घेऊन नोंदवायची. रेकॉर्डरला इंटरनेट नसेल आणि फाइल पासवर्डमागे विद्यापीठाच्या सर्व्हरवर जाईल. मुलाखतीत एखादी बाई कोलमडली तर तिला कुठल्या समुपदेशकाकडे न्यायचं, त्यांचं नाव आधीच ठरलेलं असेल. यातल्या कुठल्या गोष्टीने संशोधनाचा गळा आवळला? उशीर झाला खरा, काही आठवड्यांचा. मला तो उशीर अजिबात जास्त वाटत नाही.

परीक्षक आणि सॉफ्टवेअर पुरेसं आहे, या मुद्द्याला डीडेरिक स्टापेल हे एक नाव पुरे. नेदरलँड्सचा नावाजलेला सामाजिक मानसशास्त्रज्ञ. वर्षानुवर्षं आकडे घरी बसून तयार करायचा आणि ‘हा घ्या डेटा’ म्हणून विद्यार्थ्यांच्या हातात ठेवायचा. ते पेपर परीक्षकांनी तपासले आणि नामांकित जर्नलांनी छापले. २०११ मध्ये त्याच्याच टिलबर्ग विद्यापीठातल्या तीन तरुण संशोधकांनी विभागप्रमुखांकडे तक्रार केली, तेव्हा ते फुटलं. तो ज्या तीन विद्यापीठांत राहिला, त्या तिन्हींनी मिळून चौकशी केली. त्याचे ५८ पेपर मागे घेतले गेले. सॉफ्टवेअरचं म्हणाल तर ते शब्दांची जुळणी दाखवतं, त्यापलीकडे काही नाही. मनाने रचलेले आकडे कुठूनच उचललेले नसतात, त्यामुळे असा पेपर तिथून सहज पार होतो. ‘माझा जुळणीचा टक्का पाचच आला’ म्हणून निश्चिंत होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मूळ नोंदवह्या आणि कच्चा डेटा सांभाळून ठेवायला लावणं, तक्रार करणाऱ्या कनिष्ठांना संरक्षण देणं, ही कामं विद्यापीठानेच करायची असतात. जर्नल दुसऱ्या देशात बसून ती करू शकत नाही.

विद्यापीठं आपल्या माणसांना पाठीशी घालतात, हा आरोप मात्र मला झटकता येत नाही. जिवावर येतं, पण मान्य करते. पाओलो मॅक्कियारिनीचं प्रकरण वाचा. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतला हा स्टार सर्जन. २०११ पासून त्याने तिथल्या रुग्णालयात तीन रुग्णांना प्लास्टिकच्या श्वासनलिका बसवल्या. तिघेही पुढे दगावले. हे संशोधन नाही, उपचार आहेत, असं म्हणून एथिक्सची परवानगी घेतलेलीच नव्हती. २०१४ मध्ये चार सहकारी डॉक्टरांनी पुराव्यानिशी तक्रार केली. बाहेरून नेमलेल्या तपासनिसाने २०१५ मध्ये ‘गैरवर्तन झालं आहे’ असा अहवाल दिला. तरीही कुलगुरूंनी त्याला निर्दोष ठरवलं. २०१६ च्या जानेवारीत स्वीडिश टीव्हीवर माहितीपट आला, महिनाभरात कुलगुरूंना पायउतार व्हावं लागलं, आणि २०१८ मध्ये त्याच संस्थेने त्याला दोषी धरलं. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने अडीच वर्षांची कैद सुनावली. तक्रार करणाऱ्यांना मधल्या काळात जे सोसावं लागलं, ते वाचताना संताप येतो.

तर हो, ज्या प्राध्यापकामुळे संस्थेला पैसा आणि नाव मिळतं, त्याची चौकशी संस्थेनेच करायची, ही रचनाच कच्ची आहे. पण यातून मेसेज जो निष्कर्ष काढतो, तो साफ चुकीचा. देखरेख बंद करा, असं स्वीडनने म्हटलं नाही. त्यांनी २०२० पासून गंभीर गैरवर्तनाच्या चौकशा विद्यापीठांच्या हातून काढून स्वतंत्र राष्ट्रीय मंडळाकडे दिल्या. आणि या प्रकरणात परवानगीचा टप्पा टाळला गेला होता, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटलंय. ‘आम्हाला कमिटी लागू नाही’ हेच वाक्य तिथेही होतं.

शाश्वततेबद्दल फार लिहीत नाही. झाडं लावून फोटो काढणाऱ्या विद्यापीठांचा मलाही कंटाळा आहे. पण प्रयोगशाळा किती कचरा करतात, ते पाहा. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये अंदाज मांडला होता की जगभरच्या जीववैज्ञानिक प्रयोगशाळांतून वर्षाला सुमारे ५५ लाख टन प्लास्टिक कचरा निघतो. नमुने ठेवायचे फ्रीझर उणे ८० ऐवजी उणे ७० अंशांवर ठेवले तर ३० टक्क्यांपर्यंत वीज वाचू शकते. त्यासाठी फक्त सेटिंग बदलायचं आणि जुने, कोणाचे ते माहीत नसलेले नमुने काढून टाकायचे. आणि हे नुसतं वीजबिलाचं प्रकरण राहिलेलं नाही. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनासाठी जग ज्याचा आधार घेतं, त्या हेलसिंकी जाहीरनाम्याची २०२४ मध्ये सुधारणा झाली, तेव्हा पर्यावरणाची हानी कमी ठेवण्याच्या आधीपासूनच्या कलमात शाश्वततेसाठी प्रयत्न करण्याची भर पडली. १९६४ पासूनच्या दस्तऐवजात जे घातलं गेलं, त्याला खूळ म्हणता येणार नाही.

राहिला तो सल्ला, आधी काम आणि मग परवानगी. हा कोणी मानू नका, हात जोडून सांगते. झालेल्या कामाला कमिटी मागच्या तारखेने मंजुरी देत नाही. पेपर पाठवाल तेव्हा माणसांवरच्या संशोधनाला कोणत्या कमिटीने परवानगी दिली, हे चांगली जर्नलं विचारतातच. परवानगी नसेल तर जमवलेल्या मुलाखती प्रबंधातूनही काढाव्या लागू शकतात. मग ज्या बाईने दोन तास बसून, घाबरत, आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट तुम्हाला सांगितली, तिचं सांगणं फुकट गेलं. तिला पुन्हा तेच सांगायला लावण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

वेळेची चिंता असेल तर त्यावर मार्ग आहेत. कमी जोखमीच्या अर्जांसाठी बहुतेक कमिट्यांकडे जलद छाननीची सोय असते, पूर्ण बैठकीची वाट पाहावी लागत नाही. अर्ज भरायच्या आधी कमिटीच्या सचिवांना गाठा, आपलं काम कुठल्या गटात बसतं ते विचारा. प्रश्नावली, कन्सेंट फॉर्मचा मसुदा आणि डेटा कुठे, किती वर्षं, कोणाच्या ताब्यात राहणार याची एक पानभर माहिती सोबत न्या. बरेच अर्ज अडतात ते हे शेवटचं पान नसतं म्हणून.