बाळीवेसकर काकांना उत्तर: परक्याने आपली निवडणूक कशाला बघायची?

बाळीवेसकर काका, नमस्कार.

युरोपात स्थानिक निवडणुकांना परदेशी निरीक्षक येतात, तसे आपल्याकडेही का येऊ नयेत, असं मी लिहिलं आणि तुम्ही चांगलंच झापलंत. तुमचं म्हणणं असं: गोऱ्या साहेबाकडून प्रमाणपत्र घ्यायची खोड आपल्याला अजून आहे, त्यांचे निकष आपल्याला लागू नाहीत, लोकशाही शिकवणारे ते स्वतःच ढोंगी, आणि दोन दिवस हॉटेलात उतरणाऱ्याला आपल्या गल्लीतलं लक्ष्मीदर्शन काय दिसणार? वर 'मारकडवाडीवर (मतदान यंत्रावर शंका घेणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या गावावर) का गप्प?' हा टोलाही आहे.

लक्ष्मीदर्शनापासून सुरू करतो, कारण त्यात दम आहे. ते त्यांना दिसणार नाही. आदल्या रात्री कोण कुणाच्या दारात गेलं हे शेजारच्याला कळतं, परक्याला नाही. पण येतात कोण, ते तरी बघा. युरोपात हे काम कौन्सिल ऑफ युरोप या लोकशाही आणि मानवी हक्कांसाठीच्या देशांच्या संघटनेची 'काँग्रेस' करते (आपली नव्हे). तिचे सदस्य म्हणजे ठिकठिकाणचे निवडून आलेले नगरसेवक आणि महापौर. गटार, पाणी आणि तिकीटवाटप यांतच आयुष्य गेलेली माणसं. यजमान देशाने बोलावलं तरच ती जातात, उमेदवारांना, पत्रकारांना, अधिकाऱ्यांना भेटतात, मतदानाच्या दिवशी छापील फॉर्म घेऊन केंद्रांवर फिरतात आणि अहवाल लिहितात. मतदान थांबवायचा किंवा निकाल फिरवायचा अधिकार त्यांना नसतो.

मग उपयोग काय? २०१९चं इस्तंबूल घ्या. मार्चमध्ये विरोधी पक्षाचे एक्रेम इमामोग्लू सुमारे १३ हजार मतांनी महापौर झाले. मे महिन्यात तिथल्या निवडणूक मंडळाने ती निवडणूक रद्द केली. कारण काय, तर काही केंद्रांचे अध्यक्ष सरकारी नोकर नव्हते. गंमत अशी की त्याच पाकिटात टाकलेली जिल्हा महापौरांची मतं मात्र वैध राहिली. जूनमध्ये फेरमतदान झालं आणि इमामोग्लू ८ लाखांहून जास्त मतांनी आले. काँग्रेसचे निरीक्षक दोन्ही वेळा तिथे होते. निकाल त्यांनी नाही, मतदारांनी दिला. निरीक्षकांमुळे झालं ते एवढंच की पायरीपायरीची नोंद ना सरकारच्या हातची राहिली, ना विरोधकांच्या. त्याच वर्षी आग्नेय तुर्कस्तानात काही विजयी उमेदवारांना महापौरपद नाकारून दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला दिलं गेलं आणि ऑगस्टमध्ये दियारबकिर, मार्दिन, वान इथल्या निवडून आलेल्या महापौरांना हटवून सरकारने आपली माणसं बसवली. म्हणजे प्रशासकच म्हणा.

प्रशासक म्हटलं की सोलापूरकराला अधिक सांगायला नको. आपल्याकडे निवडून आलेल्यांना कुणी हटवलं नाही, हे खरं. मार्च २०२२ला महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली थेट १५ जानेवारी २०२६ला. मधली पावणेचार वर्षं आयुक्तच सभागृह, आयुक्तच स्थायी समिती. आरक्षणाचा वाद कोर्टात होता, मान्य. पण प्रभागाचा खेळही बघा: २०१७ला चारचा प्रभाग (एका प्रभागात चार नगरसेवक, म्हणून चार मतं), मग महाविकास आघाडीने आधी एकचा केला, नंतर तीनचा, मग शिंदे सरकार आलं आणि पुन्हा चारचा. ज्याची सत्ता, त्याचा प्रभाग. कौन्सिल ऑफ युरोपच्याच व्हेनिस आयोगाची (कायदेतज्ज्ञांच्या सल्लागार मंडळाची) २००२ची आचारसंहिता सांगते की मतदारसंघांच्या सीमांसारखे पायाभूत नियम निवडणुकीच्या आधीच्या वर्षभरात बदलू नयेत. हे वाचून माझ्या डोळ्यांसमोर इस्तंबूल नव्हे, आपल्या महापालिकेचा कौन्सिल हॉल आला. आणि शेवटी तारीख कुठली पडली? संक्रांतीचा दुसरा दिवस, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा ऐन भरात, रात्री होम मैदानावर शोभेचं दारूकाम. सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारीची मुदत घालून दिली होती, म्हणून ही धावपळ. वेळ सरकारांनी घालवला आणि घाई मतदाराच्या वाट्याला आली.

आता 'त्यांचे निकष'. काका, ठराविक मुदतीने खऱ्याखुऱ्या निवडणुका व्हाव्यात, हे नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात लिहिलंय, आणि त्यावर १९७९ साली भारताने स्वतः संमती दिली आहे. ते बाजूला ठेवा. पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी निवडणूक, हे आपल्याच संविधानाच्या २४३-यू कलमात आहे. आणि साहेबाचं म्हणाल, तर १९५३ साली सुदानची पहिली संसदीय निवडणूक घ्यायला आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन गेले होते. तेव्हा सुदानमध्ये परके आपण होतो. ढोंगाचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. २०१२ला अमेरिकेत टेक्सासच्या अ‍ॅटर्नी जनरलने युरोपातल्या ओएससीई या दुसऱ्या संघटनेच्या निरीक्षकांना बजावलं होतं की केंद्राच्या शंभर फुटांत याल तर कारवाई होईल. दुसऱ्यांना लोकशाही शिकवणारे आपल्या दारात असेच वागतात.

म्हणूनच मला परदेशी माणसापेक्षा इथलाच, पण कुठल्याही उमेदवाराचा नसलेला माणूस केंद्रात हवा आहे. आयोगाचे निरीक्षक असतात, पण ते सरकारी अधिकारी. उमेदवाराचा प्रतिनिधी नसलेल्या साध्या नागरिकाला आत बसून बघायची सोय नाही. ब्रिटनमध्ये १६ वर्षांवरच्या कुणालाही निवडणूक आयोगाकडे अर्ज करून निरीक्षकाचं ओळखपत्र मिळतं आणि तिथल्या स्थानिक कौन्सिलच्या निवडणुकीतही ते चालतं.

मी २०१७ला पूर्व भागातल्या एका केंद्रावर एका अपक्षाचा प्रतिनिधी होतो. एका तेलुगू आजींनी ओळखीचं एक बटण दाबलं आणि त्या निघाल्या. चारही मतं दिल्याशिवाय बीप वाजत नाही. केंद्राध्यक्ष मराठीत ओरडले, आजींना वाटलं रागावतायत. समोरच्या पक्षाचा पोरगा उठून म्हणाला, 'इंका मूडु, अव्वा', म्हणजे अजून तीन राहिली. लगेच दुसरा त्याच्या अंगावर धावला, 'बटण सांगतोस काय रे?' पाच मिनिटं कल्लोळ. आजींनी उरलेली तीन कुठे दाबली, देव जाणे. हे कुठल्याही कागदावर आलं नाही, कारण आत बसलेल्या प्रत्येकाला कुणाच्या तरी नफ्या-तोट्याची काळजी होती, माझ्यासकट.

राहिली मारकडवाडी. आपल्या उमेदवाराला गावात एवढी कमी मतं कशी, या शंकेने माळशिरस तालुक्यातल्या या गावाने विधानसभेच्या निकालानंतर ३ डिसेंबर २०२४ला मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते झालं नाही. असल्या मतदानाला कायद्यात जागा नाही, हे प्रशासनाचं म्हणणं बरोबर. पण शंका जमावबंदीने जात नाही. निरीक्षक बसवूनही ही शंका फिटली नसती, कारण यंत्राच्या पोटात तोही डोकावू शकत नाही. त्याला उपाय व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या (मत दिल्यावर यंत्रातून छापून पडतात त्या) मोजण्याचा किंवा यंत्र तपासण्याचा. एप्रिल २०२४च्या निकालात सुप्रीम कोर्टाने यंत्र तपासून मागायचा हक्क दिला, पण तो दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला. मारकडवाडीकरांचा उमेदवार तर निवडून आला होता! त्यामुळे ज्यांना शंका, त्यांच्यासाठी दारच नव्हतं. आणि काका, विधानसभेला निदान व्हीव्हीपॅटची चिठ्ठी असते. जानेवारीत आपण महापालिकेसाठी जी चार बटणं दाबली, त्यांना तीही नव्हती.