ब्राह्ममुहूर्त आणि बादली

पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या ताब्यातले जग सहा फूट बाय अडीच फुटांचे असते आणि त्यात सुधारणा करण्याजोगी वस्तू एकच असते, ती म्हणजे तो स्वतः. गेल्या ३१ डिसेंबरला खोलीतले बाकीचे तिघे फर्ग्युसन रस्त्यावरची गर्दी पाहायला गेले असताना मी याच वस्तूची दुरुस्ती हाती घेतली. त्यासाठी अप्पा बळवंत चौकातून एक पांढरे कार्डशीट, सहा रंगांची स्केचपेने आणि फूटपट्टी दुपारीच आणून ठेवली होती. पहाटे पाचला उठणे हिरव्या रंगात, पर्वती चढणे निळ्या, बारा सूर्यनमस्कार केशरी, रोजचे दहा इंग्रजी शब्द जांभळ्या आणि रोजनिशी तपकिरी रंगात, असे ते वेळापत्रक इतके देखणे उतरले की लाल रंगातल्या अभ्यासाचा रकाना शेवटी थोडा अरुंद झाला, तरी मी मनाला लावून घेतले नाही. शेवटची रेघ मारली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.

पाचला गजर झाला. मी जागा झालो, हे नमूद करतो. परंतु कोणतेही कार्य शास्त्र समजून घेतल्याशिवाय करू नये म्हणून पांघरुणातच मोबाईल उघडला, तेव्हा कळले की मुहूर्त ४८ मिनिटांचा असतो आणि ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या दोन मुहूर्त आधी, म्हणजे ९६ मिनिटे आधी सुरू होतो. जानेवारीच्या आरंभी पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. त्यामुळे साडेपाचच्या आत उठणे ही शुद्ध अशास्त्रीय घाई ठरते. हा हिशेब पुन्हा एकदा ताडून पाहीपर्यंत साडेसहा वाजले, म्हणजे मुहूर्त टळला होता, आणि मुहूर्त टळल्यावर कार्याला हात घालू नये हे आमच्या घरचे वळण आहे.

आईला फोनवर संकल्प सांगितला, तर ती म्हणाली, "अरे, पाचला उठून करणार काय तू? इथं बार्शीला आठला हाका मारमारून माझा घसा बसायचा." घरच्यांना आपला भूतकाळ फार तपशीलवार ठाऊक असतो, ही आत्मसुधारणेतली पहिली अडचण होय.

दुसरी अडचण संशोधकांनी निर्माण केली आहे. २१ दिवसांत सवय लागते असे मी सगळीकडे ऐकले होते. शोध घेतला, तर त्याचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लॅस्टिक सर्जनने १९६०मध्ये नोंदवलेल्या निरीक्षणात निघाले: शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. माझे नाक जुनेच असल्याने हा नियम मला लागू पडेना. पुढे लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस आणि काहींच्या बाबतीत २५४ दिवस लागतील, असा अंदाज निघाला. मी स्वतःला कोणत्या गटात धरावे याविषयी माझ्या मनात संदेह नव्हता. १ जानेवारीपासून २५४ दिवस मोजले की ११ सप्टेंबर येतो आणि परीक्षा एप्रिलमध्ये होती. तेव्हा घाई करण्यात अर्थ नव्हता.

पर्वतीला मात्र एकदा गेलो. पायऱ्या १०३ आहेत. साठाव्या पायरीवर मी निसर्ग पाहण्यासाठी थांबलो असता सत्तरीचे एक आजोबा मला ओलांडून वर गेले, वरून खाली आले आणि पुन्हा वर जाताना म्हणाले, "बसू नका, पाय धरतात." निळा रकाना त्याच दिवशी बंद केला.

खरी झुंज अभ्यासाच्या सत्रांशी झाली. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून, २५ मिनिटे अभ्यास आणि ५ मिनिटे विश्रांती अशी पद्धत काढली. आमच्या खोलीत टोमॅटोच्या आकाराची एकही वस्तू नव्हती आणि मोबाईलवर वेळ लावावी, तर तो हातातून सुटत नसे. म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण काकूंचा कुकर प्रमाण मानला. कुकर चढल्याचा आवाज आला की पुस्तक उघडायचे आणि चौथ्या शिट्टीला मिटायचे. पद्धत भारतीय होती, फुकट होती आणि तिला वरणाचा वास होता. पण काकूंनी एके दिवशी छोले लावले आणि अकराव्या शिट्टीपर्यंत मी सेंद्रिय रसायनशास्त्रात अडकून पडलो. त्या धक्क्यातून सावरतो तोच एकादशी आली. त्या दिवशी खाली कढईत खिचडी परतली जात होती, कुकर चढलाच नाही आणि नियमाला बांधील असल्यामुळे मला पुस्तक उघडता आले नाही.

फेब्रुवारीत खोलीतला नांदेडचा मित्र बहिणीच्या लग्नासाठी गावी गेला, आणि त्याची पाणी भरण्याची पाळी माझ्यावर आली. आमच्या वाड्यात नळाला पाणी साडेपाचला येते आणि तासाभरात जाते. काकूंनी पहिल्याच दिवशी बजावले, "पिंप भरलं नाही तर सगळ्यांच्या आंघोळी राहतील, सांगून ठेवते," आणि दुसऱ्या दिवशी पाचलाच दारावर लाटणे वाजले. तेव्हापासून तीन आठवडे मी पहाटे पाचला न चुकता उठतो आहे. गजर नाही, शास्त्र नाही, मुहूर्ताचा विचारही मनात येत नाही. अंधारात नळाखाली बादली सरकवायची, सुरुवातीची फुसफुस आणि गढूळ धार जाऊ द्यायची, आणि भरलेली बादली हिंदकळू न देता जिना चढायचा. जिन्याला पायऱ्या २२ आहेत आणि खेपा किमान नऊ होतात. म्हणजे रोज जवळजवळ दोन पर्वत्या होतात, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

मित्र लग्नाहून बुंदीचे लाडू घेऊन परतला, तेव्हा मला जिन्यात बादलीसह पाहून थक्क झाला. "तुझं जमलं की रे!" म्हणाला, आणि उदार मनाने पाळी माझ्याकडेच राहू दिली.

अडचण एवढीच आहे की भिंतीवरच्या वेळापत्रकात पाणी भरण्याचा रकाना नाही, आणि तो घातल्यावाचून या पहाटेच्या उठण्याची नोंद कशात करावी हे सुचत नाही. म्हणून काल संध्याकाळी, अभ्यासाच्या वेळेतच, पुन्हा अप्पा बळवंत चौकात गेलो. दुकानदाराने मला ओळखले आणि मी काही बोलण्याआधीच कार्डशीट गुंडाळून त्यावर एक खोडरबरही ठेवले.